उसनं नाक

हिंगोलीत बदलीवर आले आणि खोली शोधायला लागले, तेव्हा भेटलेल्या प्रत्येक घरमालकाने गाव, आडनाव, लग्न आणि मांसाहार याच क्रमाने माझी चौकशी केली. देवळाच्या गल्लीतल्या या काकांनी फक्त नोकरी विचारली.

"पाणी तपासायच्या प्रयोगशाळेत आहे," मी म्हटलं. "गावोगावच्या विहिरींचं, बोअरचं पाणी बाटल्यांतून आमच्याकडे येतं."

"मंग तुमी काय करता त्याचं?"

"रंग बघायचा, गढूळपणा बघायचा, वास घ्यायचा..."

"वास?" ते खुर्चीतून अर्धे उठले. "तुमी सोता घेता? नाकानं?"

"वास नाकानेच घेतात, काका."

"आन् त्याचा पगार सरकार देऊन राहिलं तुमाला?" त्यांनी मला पुन्हा एकदा नीट पाहिलं. माझ्या चेहऱ्यात माझं नाक सोडून त्यांना दुसरं काही दिसत नसावं. "खोली तुमची. सामान कधी आणता?"

"अवं, आधी खोली तं दाखवा तिला," आतून काकूंचा आवाज आला.

खोली वरच्या मजल्यावर होती, बरी होती. पण ती मला कशासाठी मिळाली, हे कळायला थोडे दिवस जावे लागले.

काकांचं घराणं महादेवाच्या पूजेतलं. देऊळ आमच्याच गल्लीच्या टोकाला. रोज सकाळी पिंडी धुवायची, अभिषेक करायचा, बेलफूल वाहायचं, यात त्यांचा जन्म गेला होता. फुलांचे ढीग हाताखालून गेले, पण एकाही फुलाचा वास त्यांनी मुद्दाम घेतला नव्हता. वास घेतलेलं फूल देवाला चालत नाही, हे आपण सगळेच लहानपणी ऐकतो आणि कुणी बघत नसलं की मोगरा नाकाशी नेतो. काकांनी तो कधी नेला नाही. वाऱ्यानं आला तर येऊ द्यायचा, आपण होऊन ओढायचा नाही, असा त्यांचा बाणा होता.

मग नाकाची सगळी हौस त्यांनी खतावर भागवली. देवळातलं निर्माल्य घरामागच्या हौदात कुजवून ते खत करायचे आणि तयार झालं की मूठभर उचलून नाकाशी धरून डोळे मिटायचे. "फुलाचा वास देवाचा, खताचा आपला," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. गल्लीतले लोक त्यांच्याकडे तूप, दूध, पेरणीचं बी, काय वाटेल ते वासाला घेऊन येत. काका सांगतील ते शेवटचं.

ते नाक कोरोनात गेलं. ताप उतरला, खोकला गेला, वास काही परत आला नाही. डॉक्टर म्हणाले येईल हळूहळू. दोन्ही वेळच्या जेवणाला काका 'काय केलंय आज?' असं ताटाकडे बघून विचारू लागले.

तेवढ्यावरही निभावलं असतं. पण एका श्रावणी सोमवारी, देऊळ भरलेलं असताना, त्यांनी पिंडीवर दुधाची धार धरली आणि रांगेतली एक बाई म्हणाली, "काका, दूध नासलंय का वो? वास येऊन राहिला." दूध खरंच नासलं होतं. काकांनी तांब्या तिथेच ठेवला. पिंडी धुतली, देवाची माफी मागितली आणि गाभाऱ्याबाहेर आले ते आलेच. पूजा पुतण्याकडे दिली. तेव्हापासून ते रोज देवळापर्यंत जात आणि बाहेरच्या पायरीवरूनच हात जोडून परत येत.

हे मला काकूंनी तांदूळ निवडता निवडता सांगितलं. पुतण्या समजूतदार होता. त्याने कितीदा म्हटलं, "काका, दुधाचा वास मी घेतो, पूजा तुमी करा." पण काकांचं एकच. "उसन्या नाकानं देवाची पूजा व्हत न्हाई."

खताला मात्र उसनं नाक चालत होतं. म्हणून तर मला खोली मिळाली होती.

सकाळी ऑफिसला निघाले की जिन्याच्या खालच्या पायरीशी काका उभे. "मॅडम, हात." मी तळहात पुढे करायचा, ते त्यावर चिमूटभर काहीतरी ठेवायचे. कधी निर्माल्याचं खत, कधी गांडूळखत, कधी सेनगावकडच्या धनगराकडून आणलेली शेळ्यांच्या लेंड्यांची भुकटी. मी वास घेऊन सांगायचं. मी प्रयोगशाळेच्या सवयीने सांगायचे, "मातकट."

"मातकट म्हंजे? कोणती माती?"

"म्हणजे... मातीसारखा."

"अवो, पुसेगावच्या काळ्या रानाची माती येगळी, रांजणाखालची येगळी, कयाधूचा पूर वसरल्यावरची येगळी. बराबर सांगा."

"रांजणाखालची," मी सांगून टाकायचे, कारण बस चुकत असायची.

"हां! मंग मुरलं." त्यांचा चेहरा उजळायचा. "आता कसं. सरकारनं तुमाला शिकवलंच न्हाई, मॅडम. सरकारच्या कागदावर वास हाय का न्हाई एवढंच. कसा हाय, त्याची सरकारला तकलीफच न्हाई."

चिडायचे मी. पण काही महिन्यांनी प्रयोगशाळेत कुरुंद्याकडची एक बाटली उघडली आणि सहकाऱ्याला म्हणाले, "हळद शिजवलेल्या काहिलीचं पाणी कुठेतरी मुरतंय बघ यात." तो माझ्याकडे बघतच राहिला. मीही जरा बघत राहिले स्वतःकडे.

ऑर्किड आलं ते पुण्याहून. मैत्रीण परदेशी निघाली, घर आवरताना तिने ते माझ्या मांडीवर ठेवलं. "जप गं," म्हणाली. मी आयुष्यात कोरफड सोडून काही जगवलं नव्हतं. उरलेली दोन फुलं हिंगोलीपर्यंतच्या प्रवासात गळून पडली आणि घरी पोचली ती चार जाड पानं, एक वाळका दांडा आणि प्लास्टिकच्या कुंडीत लाकडाचे ढलपे.

काकांनी कुंडीत बोट घातलं आणि ते हादरले. "माती कुठंय?"

"याला माती नसते. रानात झाडाच्या फांदीवर राहतं हे. मुळं हवेतच."

"खातं काय मंग?"

"पावसाच्या पाण्यातून जे ओघळेल ते. पालापाचोळा, पाखरांची शीट..."

"अरारा," काका म्हणाले. "म्हंजे कुनी मुद्दाम वाढतच न्हाई लेकराला." आणि त्या क्षणापासून ऑर्किड माझं राहिलं नाही.

खत कोणतं द्यायचं यावर घरात जो खल झाला तो लग्नाच्या याद्या करताना होत नसेल. मी फोनवर वाचून सांगायचे, काका ते हाणून पाडायचे. केळीच्या सालीचं पाणी? चिलटं व्हतील. तांदळाचं धुवण? ते गाईचं हाय. अंड्याची टरफलं? त्यावर काकूंनी आतून नुसतं "अगं माय!" म्हटलं आणि विषय संपला. शेंगदाण्याची पेंड भिजवून ठेवली, तर दुसऱ्या दिवशी शेजारच्या घरातून निरोप आला की तुमच्याकडे काही मेलंय का बघा. काका एकटे त्या बादलीशेजारी शांतपणे चहा पीत बसले होते. हसू आवरेना मला, आणि मग एकदम वाईटही वाटलं.

शेवटी त्यांनी आपल्या निर्माल्याचं पाणीच नक्की केलं. देवाच्या माथ्यावरून उतरलेलं, त्याहून चांगलं काय असणार? मी म्हटलं, चालेल, पण अगदी पातळ करून, आणि कधीतरीच.

वैशाखात मला आठवडाभर नमुने गोळा करायला वसमतकडे जावं लागलं. ऑर्किड काकांच्या हवाली केलं. ऊन असं की कौलावर पापड भाजावा. वैशाखात महादेवाला ऊन लागू नये म्हणून पिंडीवर गळती टांगतात. बुडाला बारीक भोक पाडलेलं तांब्याचं भांडं, त्यातून दिवसभर थेंब थेंब पाणी पडत राहतं. आमच्या काकांना वाटलं, मातीवाचून, उपाशी बसलेलं हे झाड म्हणजे महादेवाच्याच जातीचं. त्यांनी घरातली जुनी गळती काढली, घासूनपुसून लख्ख केली, तिच्यात निर्माल्याचं पाणी भरलं आणि ऑर्किडवर टांगली. आठवडाभर रात्रंदिवस अभिषेक चालू.

मी परत आले आणि फाटकातच थबकले. सडका वास होता, ओल्या पोत्यात बटाटे राहून जावेत तसा. काका मात्र हौसेनं पुढे आले. "बघा, एक थेंब खंडू दिला न्हाई."

मी कुंडी उपडी केली. मुळांचा काळा लगदा हातात आला. काकांनी तो बोटांनी चाचपला. मग माझ्याकडे न बघता विचारलं, "वास येऊन राहिला काय?"

"हो, काका."

"फाटकापासून?"

मी मान हलवली. ते ओट्यावर बसले. "माझ्या नाकाखाली सडलं," म्हणाले, "आन् मी रोज बाजूला बसून त्याच्याशी बोलत व्हतो."

झाडाचं मला एवढं काही नव्हतं. पण त्या दिवशी ते सायंकाळी देवळाच्या पायरीपर्यंतही गेले नाहीत, हे मी पाहिलं. हा माणूस आता तिथूनही मागे सरणार, अशी मला भीती वाटली. म्हणून मीच दुसऱ्या दिवशी कुंडी घेऊन खाली उतरले. "काका, दोन मुळं हिरवी आहेत अजून. बसा."

सडलेलं सगळं कात्रीने कापलं. कापलेल्या जागी काकूंनी हळद दाबली, बोट कापल्यावर दाबतात तशी. ढलपे फेकून दिले. त्यांच्या जागी काय घालायचं? काका उठले आणि देवळाच्या पायरीपाशी पडलेलं नारळांच्या सोडणांचं पोतं घेऊन आले. नारळ फोडणाऱ्यांच्या गावात सोडणांना काय तोटा! तुकडे करून, भिजवून, पिळून, त्यात थोडा चुलीतला कोळसा मिसळून आम्ही ते झाड पुन्हा लावलं आणि माजघरात, रांजणाच्या शेजारी, पूर्वेच्या खिडकीत ठेवलं. तिथे ओलावा होता आणि कोवळं ऊन.

नवं मूळ दिसेपर्यंत खत बंद. हा माझा हुकूम होता आणि आश्चर्य म्हणजे काकांनी तो पाळला. पावसाळा निम्मा सरला तेव्हा सोडणांतून एक हिरवं टोक बाहेर आलं. मग पुन्हा खताचा प्रश्न.

या वेळी त्यांनी घाई केली नाही. रोज सकाळी तळहात, रोज एक चिमूट, आणि माझी उलटतपासणी. निर्माल्याचं खत अजून कच्चं होतं, त्याला आंबूस कड होती. लेंड्यांची भुकटी नाकाला झोंबली. "मंग मुळांनाबी झोंबंल," काका म्हणाले आणि ती पारिजातकाला टाकली. पुसेगावच्या एका शेतकऱ्याकडचं गांडूळखत तेवढं राहिलं. मी वास घेतला, पुन्हा घेतला. "काका, याला वासच नाही जवळजवळ. हौदाच्या सावलीतल्या जमिनीसारखं काहीतरी, तेही अगदी कमी."

"तेच," काका म्हणाले. "जे ओरडत न्हाई ते खत बाळाला."

ते फडक्यात बांधून रात्रभर पाण्यात सोडायचं आणि वरचं निवळ पाणी पुन्हा साध्या पाण्यात मिसळायचं. किती? मी फोनवरचं प्रमाण वाचत बसले, तेवढ्यात काकूंनी मिटवलं. "चहाचा कप इसळल्यावर पानी दिसतं ना, तेवढ्या रंगाचं." आणि वार काकांनी ठरवले. सोमवारी खत. पण आधी साधं पाणी पाजून मुळं ओली करायची, मग जेवायला वाढायचं. एकादशीला उपास, म्हणजे नुसतं पाणी भरपूर ओतून सगळं धुऊन काढायचं. मी कुठेतरी वाचलं होतं की खताचे क्षार साचू नयेत म्हणून मधूनमधून असंच करावं. सांगितलं तर म्हणाले, "साचतंच ना. म्हनून तं उपास असतो."

थंडी पडली आणि पानांच्या बेचक्यातून एक दांडा निघाला. मूळ निघतंय असं आम्हाला वाटलं होतं. पण तो वर वळला आणि त्यावर गाठी दिसायला लागल्या, कळ्यांच्या. काकांनी गल्लीतल्या प्रत्येकाला बोलावून त्या दाखवल्या. आणि एका संध्याकाळी, मी भाजी निवडत होते तिथे येऊन बसले.

"मॅडम, एक मागायचं हाय."

"मागा की."

"मी उभ्या जन्मात फुलाचा वास घेतला न्हाई. पर हे झाड तुमचं, देवाचं न्हाई. पयलं फूल उमललं की मी घेनार." थोडं थांबून म्हणाले, "नाक येऊन राहिलं का न्हाई, ते कशानंतरी कळाया पायजे. आला वास, तं शिवरात्रीला गाभाऱ्यात जाईन. न्हाई आला, तं मंग सोडून दिलं कायमचं."

काकू दारात उभ्या होत्या. त्यांनी माझ्याकडे पाहिलं.

शिवरात्रीच्या आठवड्यात पहिली कळी उघडली, पांढरी, आत जांभळी. काका आंघोळ करून, टोपी घालून आले. हात मागे बांधले, वाकले, डोळे मिटले आणि श्वास ओढला. पुन्हा ओढला. सरळ झाले तेव्हा टोपी काढून हातात घेतली.

"न्हाई," म्हणाले.

मी धावत पुढे झाले आणि फुलात नाक खुपसलं. काहीच नाही! रांजणाचा ओलावा आला, सोडणांचा आला, पण फुलाचा म्हणून काही नाही. "काका, मलाही येत नाही!"

"माझं मन राखू नका."

"देवाशपथ. घ्या, काकू, तुम्ही घ्या."

काकूंनी घेतला. "मला तं काईच येईना."

"तूबी तिचीच," काका म्हणाले.

मग मात्र मी हट्टाला पेटले. दूधवाल्या मावशींना हाक मारली, समोरचा शिंपी आला, पुतण्या आला, शाळेत निघालेल्या पोरी दप्तरासकट आल्या. सगळी गल्ली एकामागून एक त्या फुलावर वाकली आणि नकारार्थी मान हलवत बाजूला झाली. फक्त शिंपी म्हणाला गुलाबासारखा येतोय, पण त्याला सर्दी झाली होती. मी फोन काढून वाचून दाखवलं, की या जातीच्या बहुतेक फुलांना माणसाला जाणवेल असा वास नसतोच.

काका ऐकत होते. आणि मग हसायला लागले. पोट धरून, खोकला येईपर्यंत. "म्हंजे आज सगळी हिंगोली माझ्याबराबर!" किती महिन्यांनी ते असे हसले होते, काकूंनाच माहीत.

गल्ली पांगली. हसू ओसरलं तसं त्यांच्या लक्षात आलं असावं, की परीक्षाच रद्द झाली होती. नाक आहे की गेलं, ते कळलंच नाही. ते फुलाकडे बघत बसून राहिले. तेव्हा काकू, ज्या एरवी स्वयंपाकघरातूनच बोलत, त्या बाहेर येऊन त्यांच्यासमोर बसल्या.

"एक इचारू? हे झाड कुनाच्या नाकानं जगलं?"

"मॅडमच्या."

"हात कुनाचे?"

काकांनी आपल्या तळहातांकडे पाहिलं.

"तुमचेच ना? मंग हिचं नाक झाडाला चाललं, तं देवाला काहून चालंना? त्यो काय झाडापरीस मानी हाय?"

काका उठले. जेवले, नेहमीप्रमाणे ताटाकडे बघून 'काय केलंय' विचारलं आणि झोपले. दुसऱ्या दिवशी मात्र दांड्यावरच्या बाकी कळ्यांभोवती त्यांनी पांढरा दोरा गुंडाळला आणि सगळ्यांना ताकीद दिली. "ह्यांच्या वाटंला कुनी नाक न्यायचं न्हाई."

"बिनवासाचं फूल चालतं व्हय देवाला?" काकूंनी विचारलं.

"जास्वंदीला कुठं वास हाय? गनपती घेतोच ना."

शिवरात्र सोमवारीच आली. सकाळी मी केस विंचरत होते, तर खालून हाक आली. "मॅडम, हात!"

खाली आले तर काका सोवळ्यात. एका हातात तबक, त्यात बेल आणि एकच पांढरं फूल, कुणी न हुंगलेलं. दुसऱ्या हातात दुधाचा तांब्या. काकू भिंतीला टेकून उभ्या होत्या, पदर तोंडाशी धरून. मी तळहात पुढे केला. काकांनी मला न शिवता वरूनच दोन थेंब सोडले. हे दोन थेंब आमचे, तांब्यातलं देवाचं.

मी वास घेतला. "ताजं आहे, काका."

"नुसतं ताजं नको. बराबर सांगा."

मी पुन्हा घेतला, डोळे मिटून, त्यांनीच शिकवल्यासारखा. "धार काढून फार वेळ झाला नाही. थोडी गवताची गोडी आहे. आणि मागून सरकीच्या पेंडीचा, अगदी किंचित."

"पेंड खाल्ली गाईनं काल," काका म्हणाले. "बराबर हाय."

ते निघाले, आम्ही दोघी फाटकातून बघत राहिलो. देवळाच्या पायरीशी ते नेहमीप्रमाणे थांबले. काकूंनी माझा दंड घट्ट धरला होता. काकांनी पायरीला हात लावून तो कपाळाला लावला, आणि मग एक पाय वर ठेवला, मग दुसरा. आत जाता जाता मात्र त्यांना काहीतरी आठवलं. ते दारातच वळले आणि सगळ्या गल्लीला ऐकू जाईल असं मला ओरडून म्हणाले,

"मॅडम, आज खत न्हाई हां झाडाला! आज उपास हाय, नुसतं पानी द्या!"